कूलरची हवा आणि अपेटाइटचा लेप : हिंगण्यातील एक प्रकरण

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्याने दातांच्या इम्प्लांटसाठी वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या स्क्रूवर हायड्रॉक्सीअपेटाइटचा, म्हणजे हाडातील खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटचा, अतिशय पातळ लेप चढवण्याचे काम दिवाळीनंतर प्रायोगिक स्वरूपात हाती घेतले. हिवाळ्यातले नमुने चांगले निघाले. एप्रिलच्या अखेरीपासून मात्र त्याच कृतीने केलेल्या नमुन्यांवर पांढरट ठिपके दिसू लागले, मे महिन्यात ठिपक्यांच्या जोडीला बारीक भेगा आल्या, आणि जुलैत तर कपाटात ठेवलेल्या, तोपर्यंत बऱ्यापैकी दिसणाऱ्या स्क्रूंवरचा लेपही पापुद्रे सुटून निघू लागला. कृतीच्या छापील कागदावर एकही आकडा बदललेला नव्हता. भट्टीचे थर्मोकपल (आतले तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी) तेवढे एप्रिलमध्ये बदलले होते, त्यामुळे कारखान्यातील सर्वांचा संशय भट्टीवर होता. यातला एकही स्क्रू कोणाच्या जबड्यात बसवला गेलेला नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे.

या प्रकरणाची पाहणी करताना जे हाती आले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण लेपाचे भवितव्य भट्टीच्या ६०० अंशांत ठरते अशी समजूत या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या बहुतेकांची असते. या कारखान्यात ते भट्टीच्या कितीतरी आधी, द्रावणातून बाहेर आलेला स्क्रू खोलीतल्या हवेत लटकत होता त्या काही मिनिटांत ठरत होते.

लेप कशाचा आणि इतका पातळ का

आपल्या हाडातील खनिज भाग हा अपेटाइट कुळातला कॅल्शियम फॉस्फेट असतो. हायड्रॉक्सीअपेटाइट हे त्याचे प्रयोगशाळेत बनवता येणारे जवळचे रूप असून त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण १.६७ असते. टायटॅनियम स्वतःही हाडाशी चांगले जुळते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे दंत-इम्प्लांट बसवले, तेव्हा त्यावर असा कोणताही लेप नव्हता. अपेटाइटचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या आठवड्यांत, म्हणजे धातू आणि हाड यांची घट्ट जोडणी होण्याआधीच्या नाजूक काळात, नव्या हाडाला पृष्ठभागावर लवकर आधार मिळावा यासाठी.

खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या दांड्यांवर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हा लेप प्लाझ्मा फवारणीने चढवला जातो. त्याची जाडी साधारण ५० ते २०० मायक्रॉन असते. दातांच्या स्क्रूचे आटे बारीक असतात, त्यामुळे इतका जाड लेप दिला की आट्यांचा आकारच बोथट होतो. शिवाय प्लाझ्माच्या ज्योतीचे तापमान हजारो अंशांचे असल्यामुळे अपेटाइटचे कण वितळतात, त्यांतील काहींचे विघटन होऊन ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, टेट्राकॅल्शियम फॉस्फेट आणि कॅल्शियम ऑक्साइड तयार होतात, आणि काही भाग काचेसारखा अस्फटिक राहतो. हा अस्फटिक भाग शरीरातील द्रवात लवकर विरघळतो.

म्हणून या कारखान्याने सोल-जेल पद्धत निवडली. कॅल्शियम नायट्रेट आणि ट्रायएथिल फॉस्फाइट यांचे इथेनॉल आणि थोड्या पाण्यातील द्रावण मुरवायचे, त्यात स्क्रू बुडवून ठरावीक वेगाने वर काढायचा, वाळवायचा, आणि हवेतच ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. तयार थर अर्ध्या मायक्रॉनहून पातळ असतो. अपेटाइटचे स्फटिक ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान चांगले बनतात. त्याखाली, विशेषतः ४०० च्या आत, थर बराचसा अस्फटिक राहतो. उलट ८०० च्या पुढे गेल्यास टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा थर जाड आणि ठिसूळ होतो आणि त्याच्या सान्निध्यात अपेटाइटचे विघटनही लवकर सुरू होते. कारखान्याने ठरवलेले ६०० हे तापमान योग्यच होते, आणि ते बदलण्याची गरज शेवटपर्यंत भासली नाही.

भट्टीची चौकशी

संशय भट्टीवर असल्यामुळे सुरुवात तिच्यापासून झाली. के प्रकारच्या थर्मोकपलला चुकीची जोडतार लावली किंवा तारा उलट जोडल्या, तर पडद्यावरचा आकडा आणि आतले तापमान यांत मोठे अंतर पडू शकते, तेव्हा शंका निराधार नव्हती. स्क्रू ठेवतात नेमक्या त्या जागी दुसरे, तपासून घेतलेले थर्मोकपल ठेवले. त्याखेरीज एक जुनी आणि खात्रीची पद्धतही वापरली : जस्त ४१९.५ अंशांना वितळते आणि अॅल्युमिनियम ६६०.३ अंशांना, म्हणून या दोन्ही धातूंच्या बारीक तारांना छोटी वजने टांगून त्या भट्टीत ठेवल्या. भट्टी ६०० वर असताना जस्ताची तार तुटली, अॅल्युमिनियमची टिकली. भट्टी ६८० वर नेल्यावर तीही तुटली. म्हणजे पडद्यावरचा आकडा फारसा खोटा नव्हता.

पण ही तपासणी आजच्या भट्टीची झाली. मे महिन्यात भट्टी कशी चालली होती याचा साक्षीदार वेगळा लागतो, आणि तो स्क्रूमध्येच असतो. हवेत तापवलेल्या टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर चढतो. त्याची जाडी तापमान आणि वेळ यांवर ठरते, आणि क्ष-किरण विवर्तनात (नमुन्यावर क्ष-किरण सोडून ते कोणत्या कोनांत वळतात यावरून स्फटिक ओळखण्याच्या पद्धतीत) त्याचे रूटाइल हे स्फटिकरूप २७.४ अंशांच्या कोनावरील शिखराने ओळखू येते. चांगल्या आणि वाईट, दोन्ही गटांतील स्क्रूंवर हे शिखर सारख्याच उंचीचे होते. भट्टी एप्रिलनंतर जास्त तापली असती तर ते वाढले असते. कमी तापली असती तर ते खाली आले असते आणि अपेटाइटची शिखरेही पसरट झाली असती. दोन्हीपैकी काहीच झालेले नव्हते. थर्मोकपल बदलले त्याच आठवड्यांत दोष दिसू लागला हा योगायोग होता.

मुरवण आणि खोलीचे तापमान

दुसरा प्रश्न द्रावणाचा होता. ट्रायएथिल फॉस्फाइट हा द्रव उडून जाणारा आहे. त्याचा उत्कलनबिंदू साधारण १५६ अंश. पाण्याशी त्याची क्रिया पूर्ण झाली आणि तो कॅल्शियमशी बांधला गेला तरच तो थरात टिकतो. द्रावण पुरेसे मुरले नसेल तर तापवताना फॉस्फरस उडून जातो, मागे कॅल्शियम जास्त उरते आणि त्याचे कॅल्शियम ऑक्साइड होते. एप्रिल-मेच्या पांढऱ्या ठिपक्यांमध्ये कॅल्शियम ऑक्साइडच सापडले, त्यामुळे मुरवण कमी पडली असावी असा निष्कर्ष कोणीही सहज काढला असता.

हा शोध घेताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. तांब्याच्या क्ष-किरणांनी अपेटाइटची मुख्य शिखरे २५.९, ३१.८, ३२.२ आणि ३२.९ अंशांवर येतात. कॅल्शियम ऑक्साइडचे एक शिखर नेमके ३२.२ जवळच असल्यामुळे ते अपेटाइटमध्ये लपून जाते. त्याचे ठळक शिखर ३७.४ वर असते, पण तिथून एकाच अंशावर, ३८.४ ला, टायटॅनियमचे स्वतःचे शिखर उभे असते. थर अर्ध्या मायक्रॉनचा आणि खाली धातूचा ढीग, अशा स्थितीत नेहमीच्या पद्धतीने मोजणी केली तर धातूच दिसत राहतो. किरण अगदी तिरप्या, उथळ कोनातून सोडले तेव्हाच ३७.४ चे शिखर स्पष्ट झाले. कारखान्याने आधी बाहेरून करून घेतलेल्या चाचणीत ही काळजी घेतलेली नव्हती, म्हणून अहवालात ‘शुद्ध अपेटाइट’ असे लिहून आले होते. पातळ लेपाची चाचणी सांगताना कोन कोणता ठेवायचा हे सांगितलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. नागपुरात व्हीएनआयटीसारख्या संस्थेत धातुशास्त्र आणि पदार्थ अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. अशा जाणकारांशी चाचणीच्या आधी अर्धा तास बोलले तर नंतरचे कित्येक महिने वाचतात.

मुरवण कमी पडली असावी हा तर्क दोन कारणांनी टिकला नाही. पहिले म्हणजे, कृतीत ‘खोलीच्या तापमानाला एक दिवस मुरवावे’ असे लिहिले होते, आणि नागपुरात खोलीचे तापमान हा एक आकडा नाही. डिसेंबरात ती खोली २० अंशांच्या आसपास असते, मेमध्ये कूलर लावूनही ३० च्या खाली येत नाही. रासायनिक क्रिया उष्णतेत वेगाने होते, म्हणजे मेमध्ये द्रावण उलट जास्त मुरत होते. कमी मुरल्याचा दोष यायचाच असता तर तो हिवाळ्यात आला असता.

दुसरे कारण अधिक निर्णायक आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले, तेव्हा मोठ्या क्षेत्राची सरासरी १.६७ च्या जवळपासच निघाली. फक्त ठिपक्यांवर कॅल्शियम भरमसाट होते आणि ठिपक्यांच्या मधल्या भागात ते कमी होते. फॉस्फरस उडून गेला असता तर सरासरीच बिघडली असती. इथे काहीही हरवलेले नव्हते. जे सर्वत्र सारखे पसरलेले असायला हवे होते ते ओल्या थरात एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकले होते.

ओला थर आणि हवेतील पाणी

कॅल्शियम नायट्रेट हवेतील ओलावा अधाशासारखे शोषून घेते. २५ अंशांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या वर गेली की ते नुसते दमट होत नाही, शोषलेल्या पाण्यात स्वतःच विरघळून द्रव बनते. तापमान वाढले की हा उंबरठा आणखी खाली येतो. द्रावणातून वर काढलेल्या स्क्रूवरचे इथेनॉल काही सेकंदांत उडू लागते आणि थर घट्ट होण्याच्या मार्गाला लागतो. भोवतालची हवा या उंबरठ्याखाली असेल तर थर खरोखर घट्ट होतो, कॅल्शियम आणि फॉस्फरस जिथे आहेत तिथेच अडकतात आणि भट्टीत एकमेकांशी जुळून अपेटाइट होतात. हवा उंबरठ्याच्या वर असेल तर घाम फुटावा तसा थर ओलावतो, पृष्ठताणामुळे त्याचे बारीक थेंब होतात आणि कॅल्शियम नायट्रेट त्या थेंबांमध्ये गोळा होते. भट्टीत ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान नायट्रेटचे विघटन झाले की प्रत्येक थेंबाच्या जागी कॅल्शियम ऑक्साइडचा पांढरा ठिपका उरतो. इथेनॉल उडताना पृष्ठभाग थंडही होतो, त्यामुळे थराला जाणवणारी आर्द्रता भिंतीवरच्या मापकातल्या आकड्यापेक्षा जास्तच असते.

पण एप्रिल-मेमध्ये नागपुरात आर्द्रता कुठून येणार, असा प्रश्न कारखान्याच्या मालकांनी विचारला आणि तो रास्त होता. बाहेर ४२ अंश तापमान आणि १७ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत जेमतेम १० ग्रॅम पाणी असते. डिसेंबरातील २२ अंश आणि ४५ टक्के आर्द्रतेच्या हवेतही साधारण तेवढेच, ९ ग्रॅमच्या आसपास. या दोन ऋतूंमध्ये पाण्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक करतो तो खिडकीतला कूलर. विदर्भात एप्रिल उजाडला की घराघरांत आणि कारखान्यांत कूलरच्या ताट्या बदलल्या जातात आणि पंप सुरू होतात. भिजलेल्या ताट्यांतून आलेली हवा थंड होते ती त्यात पाणी मिसळते म्हणूनच. कूलर चालू असलेली खोली ३० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेवर असेल तर घनमीटरमागे २० ग्रॅमच्या आसपास पाणी होते. जुलैतल्या २८ अंश आणि ८५ टक्क्यांच्या पावसाळी हवेत ते २३ ग्रॅम असते. म्हणजे बाहेर डांबर वितळत असताना लेप चढवण्याच्या खोलीत जवळपास पावसाळाच होता, आणि तो कोणाच्या ध्यानातही आला नव्हता, कारण खोलीत आर्द्रतामापकच नव्हता.

कूलरची सुरुवात आणि ठिपक्यांची सुरुवात जुळत होती. पण थर्मोकपलचीही जुळली होती, तेव्हा केवळ तारखांवर विसंबून चालणार नव्हते. म्हणून साध्या साहित्याचा एक प्रयोग केला. संपृक्त मीठद्रावण बंद पेटीत ठेवले की त्यावरच्या हवेची आर्द्रता ठरावीक पातळीला स्थिर राहते : २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइडवर सुमारे ३३ टक्के, मॅग्नेशियम नायट्रेटवर सुमारे ५३, साध्या मिठावर सुमारे ७५. अशा तीन अॅक्रिलिकच्या पेट्या वातानुकूलित खोलीत ठेवल्या, एकाच बाटलीतील द्रावणात एकाच वेगाने बुडवून काढलेले स्क्रू त्यांत वाळवले आणि सर्व स्क्रू एकाच खेपेला भट्टीत घातले. ७५ टक्क्यांच्या पेटीत काही मिनिटांतच भिंगाखाली थेंब दिसू लागले. ५३ टक्क्यांच्या पेटीतले काही स्क्रू चांगले निघाले, काहींवर ठिपके आले. ३३ टक्क्यांच्या पेटीतल्या स्क्रूंवर हिवाळ्यातल्यासारखा एकसारखा, हलक्या इंद्रधनुषी छटेचा थर होता. द्रावण, वेग, भट्टी आणि धातू हे सर्व सारखे ठेवून केवळ हवा बदलली होती.

मधल्या पेटीतला अनिश्चित निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कूलरच्या पंपाचा फ्लोट अडकला, टाकीतले पाणी संपले, दुपारी दार उघडे राहिले की खोलीतली आर्द्रता ५० च्या वरखाली होत राहते, आणि त्याच दिवशीच्या एका खेपेत काही स्क्रू चांगले आणि काही वाईट निघतात. असा मिश्र निकाल पाहून कारखान्यात हात चुकला, स्क्रू नीट धुतले नाहीत, असे ठरवले जात होते. लेप चढवणाऱ्या ताईंवर त्यामुळे विनाकारण ठपका येत होता, आणि ही बाब अहवालात स्पष्ट लिहिणे आवश्यक होते.

उपायातून आलेल्या भेगा

मेमधल्या भेगांचे कारण वेगळे होते. थर चिकट राहतो, लवकर वाळत नाही, हे ताईंनी अचूक ओळखले होते आणि त्यावर त्यांनी आपल्या परीने उपाय केला होता : स्क्रू लटकवून न ठेवता थेट १५० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवायचा. शिवाय ठिपक्यांच्या मधला थर विरळ दिसतो म्हणून स्क्रू वर काढण्याचा वेग मिनिटाला ५ सेंटिमीटरवरून १४ सेंटिमीटर केला होता. दोन्ही बदल समजूतदारपणे केलेले होते, पण ते कागदावर आले नाहीत आणि दोन्हींनी थरावरचा ताण वाढवला.

बुडवून चढवलेल्या थराची जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, त्यामुळे वेग २.८ पट केला की जाडी जवळपास दुप्पट होते. द्रावणाचा दाटपणाही जाडीवर याच प्रमाणात परिणाम करतो, आणि उन्हाळ्यात जास्त मुरलेले द्रावण आधीच दाट झालेले होते. जाडीचा संबंध भेगांशी असा आहे की थरात साठलेल्या ज्या ऊर्जेवर भेग पुढे सरकते ती ताणाच्या वर्गाच्या आणि जाडीच्या प्रमाणात असते. ताण तोच राहिला तरी थर पातळ असेल तर भेग पसरत नाही, ठरावीक जाडी ओलांडली की पसरते. सोल-जेलच्या एका थराला अर्धा ते एक मायक्रॉन ही मर्यादा मानतात ती यामुळेच.

ताण येतो दोन ठिकाणांहून. वाळताना द्रव निघून जातो आणि थर आकसू पाहतो, पण धातूला चिकटलेला असल्यामुळे तो आडवा आकसू शकत नाही. हॉटप्लेटवर वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि आतला द्रव नंतर बाहेर पडतो, त्यामुळे हा ताण वाढतो. दुसरा ताण भट्टीतून थंड होताना येतो. अपेटाइटचा प्रसरणांक प्रति अंश सुमारे १३ ते १४ दशलक्षांश, टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ९. ६०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थर धातूपेक्षा साधारण पाव टक्का जास्त आकसू पाहतो आणि ताणला जातो. दाट अपेटाइट इतके ताणणे सहन करत नाही. पातळ आणि सच्छिद्र थर ते सहन करतो, कारण तो लवचीक असतो आणि भेगेला लागणारी ऊर्जा त्यात साठत नाही.

भेगा सपाट नमुन्यांवर फारशा नव्हत्या, स्क्रूवर होत्या, आणि स्क्रूवरही जवळजवळ सर्व आट्यांच्या तळाशी होत्या. आट्याच्या खोलगट भागात द्रव साचतो, तिथे थर शिखरावरच्यापेक्षा कितीतरी जाड होतो आणि तिथेच तो फुटतो. सपाट पट्ट्यांवर लेप तपासून त्यावरून स्क्रूबद्दल निर्णय घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते. ती सोयीची आहे, पण आटे असलेल्या वस्तूसाठी पुरेशी नाही. स्क्रू उभा कापून, घासून आट्याच्या तळाचा छेद पाहिल्याशिवाय लेप चांगला झाला असे म्हणणे मला मान्य नाही. आट्याच्या तळातला सुटलेला कण रुग्णाच्या हाडात राहतो, तो कोणी धुऊन काढू शकत नाही.

३३ टक्क्यांच्या पेटीत वाळवलेले काही स्क्रू थेट हॉटप्लेटवर ठेवून आणि काही मिनिटाला २ अंशांच्या संथ चढाने तापवून पाहिले. पहिल्या गटात भेगा आल्या, दुसऱ्यात नाहीत. वेग पुन्हा ५ सेंटिमीटरवर आणला आणि बाहेर काढल्याबरोबर स्क्रू स्वतःभोवती फिरवून जादा द्रव झटकला, तेव्हा आट्यांच्या तळात साचणारा द्रवही कमी झाला. जाडी वाढवायचीच असेल तर पातळ थरावर, तो तापवून झाल्यावर, दुसरा पातळ थर द्यावा. एकाच दमात जाड थर देऊ नये.

कपाटातले स्क्रू जुलैत का सुटले

उरला प्रश्न पावसाळ्यातल्या पापुद्र्यांचा. हे स्क्रू मेमधले होते, साध्या पॉलिथिनच्या पिशव्यांत ठेवलेले, आणि ठेवताना त्यांवरचे ठिपके इतके बारीक होते की डोळ्यांना थर एकसंध वाटत होता. त्या ठिपक्यांतील कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे कळीचा चुना. हवेतील पाण्याशी त्याची क्रिया होऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड होते आणि त्याचे आकारमान जवळपास दुप्पट होते. थराच्या पोटात असा फुगवटा आला की वरचा आणि शेजारचा भाग उचलला जातो. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. पापुद्रे सुटलेल्या स्क्रूंवर ३७.४ चे शिखर नाहीसे होऊन २९.४ अंशांवर कॅल्साइटचे शिखर आले होते, त्यामुळे या घटनाक्रमाबद्दल शंका उरली नाही. पावसाळ्याने दोष निर्माण केला नव्हता, मेमधला दोष उघड केला होता.

हीच क्रिया शरीरातील द्रवात अधिक वेगाने झाली असती. जपानी संशोधक कोकुबो यांच्या कृतीनुसार बनवलेल्या, ३६.५ अंश आणि ७.४० पीएचच्या कृत्रिम शरीरद्रवात मेमधला स्क्रू ठेवला तेव्हा द्रवाचा पीएच चढला आणि ठिपक्यांभोवतीचा थर सुटला. ३३ टक्क्यांच्या पेटीतल्या स्क्रूवर तसे काही झाले नाही. उष्ण फवारणीने चढवलेल्या अपेटाइट लेपांसाठीच्या आयएसओ १३७७९-२ या मानकात कॅल्शियम-फॉस्फरस प्रमाण १.६७ ते १.७६ आणि चिकटण्याची ताकद किमान १५ मेगापास्कल अशा मर्यादा आहेत. या प्रकरणातील वाईट स्क्रूंचे सरासरी प्रमाण मर्यादेच्या आसपासच राहिले असते, कारण सरासरीत ठिपके दिसत नाहीत. अशा मर्यादा उपयोगाच्या आहेतच, पण अर्ध्या मायक्रॉनच्या लेपाबाबत तेवढ्यावर थांबता येत नाही.

कारखान्यात झालेले बदल

लेप चढवण्याच्या खोलीतला कूलर बंद करून एसी बसवला. मेमध्ये बाहेरची कोरडी हवा २५ अंशांना आणली की आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे उंबरठ्याखाली राहते पण फारशी सवलत राहत नाही. जुलैत नुसता एसी पुरत नाही, म्हणून बुडवणे आणि वाळवणे ही दोन्ही कामे मॅग्नेशियम क्लोराइड ठेवलेल्या बंद पेटीत हलवली. इथेनॉलची वाफ ज्वलनशील असल्यामुळे पेटीजवळ उघडी तापतार ठेवायची नाही आणि वाफ बाहेर नेणारी नळी लावायची, हे कृतीतच लिहिले. कूलर नुसता बंद करून ४० अंशांच्या कोरड्या खोलीत काम करणे हाही मार्ग नव्हता. तिथे इथेनॉल इतके झपाट्याने उडते की बाहेर काढतानाच थरावर पापुद्रा धरतो आणि जाडी एकसारखी राहत नाही.

कृतीच्या कागदावर आता ‘खोलीचे तापमान’ हे शब्द नाहीत. मुरवण २५ अंशांच्या पाण्याच्या टाकीत होते आणि वापरण्याआधी द्रावणाचा दाटपणा मोजला जातो. प्रत्येक खेपेसोबत हवेचे तापमान, सापेक्ष आर्द्रता, बाहेर काढण्याचा वेग, वाळवण्याचा वेळ आणि भट्टीचा चढ लिहिला जातो, आणि ताईंनी काही बदल केला तर तो त्याच वहीत, त्यांच्या सहीने, कारणासह नोंदवला जातो. शरीरात राहणाऱ्या उपकरणांना वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार परवाना लागतो आणि त्यासाठी प्रक्रियेची नोंद सादर करावी लागते, त्यामुळे ही वही पुढे अर्जाच्या वेळीही लागणार आहे. तयार स्क्रू आता सिलिका जेलसह सीलबंद पाकिटांत जातात. चांगल्या लेपाला याची फारशी गरज नसली, तरी एखाद-दुसरा ठिपका राहून गेला असेल तर तो तपासणीआधीच फुगून निकाल गढूळ करू नये म्हणून.

एप्रिल ते जुलैमधल्या स्क्रूंचे काय करायचे यावर थोडी चर्चा झाली. सौम्य नायट्रिक आम्लात अपेटाइट आणि चुना दोन्ही विरघळतात आणि टायटॅनियमला इजा होत नाही, तेव्हा लेप काढून नवा चढवावा असा एक विचार होता. पण भट्टीत आधीच तयार झालेला ऑक्साइडचा थर या आम्लाने निघत नाही; त्यावर चढवलेला दुसरा लेप आणि ताज्या, आम्लाने खरखरीत केलेल्या धातूवरचा लेप हे दोन वेगळे लेप झाले असते आणि त्यांची तुलना करणे शक्य नव्हते. म्हणून ते सर्व स्क्रू उत्पादनातून काढून लाल खूण करून वेगळे ठेवले, आणि त्यांतले काही आता आट्यांचे छेद घेण्याचा सराव करण्यासाठी वापरले जात आहेत.